छंद : नाही

६ जानेवारी

दहावी 'ब'चे कल-फॉर्म आज जमा झाले. एकेचाळीस. चहा घेता घेता चाळायला बसले आणि चहा गार झाला. 'तुझे छंद लिही' या रकान्यात निम्म्याहून जास्त जणांचं उत्तर : नाही. काहींचं 'काहीच नाही'. दीपालीनं लिहिलंय, 'देवाच्या दयेने नाही.'

दीपाली म्हणजे रामदास मिस्तरींची मुलगी. वडील गवंडीकाम करतात. मागचा बाक, वर्षभरात माझ्याशी दहा वाक्यं बोलली असेल. थट्टा केली म्हणावं तर तो तिचा स्वभाव नाही. उद्या बोलावते.

७ जाने.

मधल्या सुट्टीत दी.ला बोलावलं. फॉर्म पुढे केला. "हे काय गं?" एवढंच विचारलं, तर डोळे भरून आले तिचे.

"मॅडम, खरंच नाही. कोणी काही सांगितलं का तुम्हाला? आमच्या घरात कोणालाच नाही. पप्पा तर सुपारीसुद्धा खात नाहीत."

सुपारीचा काय संबंध? आमचे शिपाई नाना घंटेसाठी घड्याळाकडे बघत दारात उभे होते, ते हसायलाच लागले. "मॅडम, तुम्ही पडल्या जळगाव शहरना. आठे छंदी मानूस कोन्हले म्हन्तस, माहीत शे का? दारू, पत्ता, सट्टा. पोर बिचारी काय लिखी मंग?"

दी. मान खाली घालून उभी. मी तिला म्हटलं, "चूक माझी आहे. तू बरोबर लिहिलंस." तिला ते पटलं नाही. बाई चुकतात हे पोरांना पटतच नाही.

बारा वर्षं झाली भडगावला. रोज खानदेशी कानावर पडते. आणि हा एक शब्द...

८ जाने.

जुन्या समुपदेशन वह्या कपाटातून काढल्या. सात वर्षांच्या. माझंच अक्षर. नावापुढे नाव, आणि त्यापुढे : 'विशेष कल आढळत नाही. गुणांनुसार शाखा घ्यावी.' पानंच्या पानं. कल विचारायच्या जागी मी त्यांना व्यसन आहे का असं विचारत होते, आणि ती शहाणी पोरं नाही म्हणत होती.

कोणी अकरावी आर्ट्सला गेलं, कोणी गेलंच नाही. सगळ्यांचं माझ्यामुळे बिघडलं असं नाही. तेवढं महत्त्व मला कोणी दिलेलं नव्हतं. पण एकदा नीट विचारलं असतं तर? 

वह्या परत कपाटात ठेवल्या नाहीत. टेबलावरच राहू देत. दिसू देत.

१० जाने.

मु.अ. म्हणाले, "नमुना वरून आलेला आहे, त्यात आपल्याला खाडाखोड करता येत नाही." मी म्हटलं, खाडाखोड करत नाही, वेगळा कागद जोडते. म्हणाले, "जोडा. पण शाळेचा शिक्का नको त्यावर." नको तर नको.

नानांना मदतीला घेतलं. प्रश्न एकच, त्यांच्या बोलीत : कोनतं काम करता करता तुले भूकनं भान ऱ्हास नही?

नाना म्हणाले, "आते बठ्ठी पोरं लिखतीन. कोरा कागद कोन्ही देवाव नही." 

१३ जाने.

नानांचं खरं झालं. कागद पुरले नाहीत, पाठपोट लिहिलंय. एकानं शेळीचं बाळंतपण. एकीनं लग्नात रुखवत मांडणं. एक जण एस.टी.च्या सगळ्या वेळा पाठ करतो आणि गाडी उशिरा आली की त्याला स्वतःचा अपमान वाटतो.

दी.चा कागद उतरवून ठेवते, जसाच्या तसा :

'सुट्टीच्या दिवशी पप्पांबरोबर साइटवर लेवल काढते. पारदर्शक नळीत पाणी भरतो. एक टोक पप्पांकडे, एक माझ्याकडे. पाणी दोन्हीकडे सारखं व्हायला वेळ लागतो. तोपर्यंत बोलायचं नाही, नळी हलवायची नाही. पाणी थांबलं की मी खूण करते. मग मला खूप बरं वाटतं. डबा खायचा राहून जातो.'

तीनदा वाचलं.

२० जाने.

दी.शी तासभर. आता बोलते. कोन, उतार, पाया किती खोल हे विचारलं की बोलते, आणि मग थांबवावं लागतं. शाळेच्या नव्या स्वच्छतागृहाची फरशी दाखवून म्हणाली, "मॅडम, उतार उलट्या बाजूला आहे. पाणी दाराशी येईल." येतंच. आम्ही सगळे ओलांडून जातो.

पुढे काय करायचं ठरलंय? "पप्पा म्हणतात अकरावी, मग नर्सिंग." तुला? "मी आत्याजवळ दवाखान्यात राहिले होते चार दिवस. सारखं कोणीतरी हाक मारायचं. मला नीट जमत नव्हतं. सगळ्यांना घाई होती."

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा असतो, त्यात सिव्हिल असतं, हे तिला माहीतच नव्हतं. कुठे असतं? धुळ्याला, जळगावला. ती एवढंच म्हणाली, "मुलींना घेतात?"

घेतात.

२ फेब्रुवारी

दोन दिवस डोक्यात एकच. मी तिचं ठरवून तर टाकत नाही ना? सापडली एक हुशार पोर की आपल्याला उजेड पडल्यासारखं होतं, आणि त्या उजेडात पोर बाजूला राहते, आपणच दिसतो.

माझा डी.एड.चा फॉर्म माझ्या वडिलांनी, अण्णांनी भरला होता. मला विचारलं नव्हतं. नंतर शिकवणं आवडू लागलं. म्हणजे अण्णा चुकले असंही म्हणता येत नाही. हेच तर अवघड आहे.

ठरवलं : मी तिला दार दाखवीन, ढकलणार नाही. पण दार आहे हे तिच्या वडिलांनाही दाखवीन. तिथे मात्र मागे हटायचं नाही.

मार्च

परीक्षा. पर्यवेक्षण. काही लिहिलं नाही.

निकालाचा दिवस

दी. ७४ टक्के. गणितात भूमितीला छान, बीजगणितात जेमतेम. पेढे घेऊन आली. बरोबर तिचे वडील, पहिल्यांदाच शाळेत. पांढरा सदरा, बोटांच्या पेरांना सिमेंटनं पडलेल्या भेगा. खुर्चीवर बसायला तयार नव्हते.

मी डिप्लोमाचा विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, मी बठ्ठा जलम उनमा काढा. मनी पोरले सावलीमा बसाडनं शे."

सिव्हिलवाल्यांना ऑफिसही असतं, मी म्हटलं.

"आनि साइट नही ऱ्हास?"

असते, म्हटलं. खोटं कसं बोलू?

"मंग? टोपी बदलस, ऊन तेच ऱ्हास." 

पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवून गेले. दी. मागे वळून बघेल असं वाटलं. तिनं पाहिलं नाही.

दोन दिवसांनी

त्यांचं वाक्य डोक्यातून जात नाही. या माणसाला मी काय सांगणार, उन्हाबद्दल? इथल्या मे महिन्यात मी छत्री घेऊन बसस्टँडपर्यंत जाते तर डोकं धरते.

पण ते पोरीला कष्टापासून वाचवतायत, आणि तिला त्या कष्टातलं जे आवडलंय ते त्यांनीच शिकवलंय. त्यांना हे ठाऊक आहे का? की तिच्या हातात नळी फक्त दुसरा माणूस मिळत नव्हता म्हणून दिली?

विचारायलाच हवं. घरी जाणार.

५ जून

गेले. गिरणेच्या बाजूची वस्ती. घर त्यांनीच बांधलेलं, बाहेरून गिलावा नाही, आतून मात्र भिंत अशी की हात फिरवावासा वाटतो. दी.ची आई मला पाणी देत म्हणाली, "तुम्हीच सांगा आक्का, पोर धुळाले एकटी कशी ऱ्हाई?" दी. चुलीपाशी. ऐकत होती.

मिस्तरींना म्हटलं, भाऊ, तुम्ही काही ठरवू नका. फक्त एकदा चला. बघून या. नाही पटलं तर अकरावीचा फॉर्म मी स्वतः भरून देते.

"रोज बुडी मना."

म्हटलं, बुडेल. 

मग पोरीकडे न बघता, "तुले जानं शे का?"

दी. म्हणाली, "हां."

आई म्हणाली, "देखा, हाई पोर बोलनी!"

९ जून

धुळे. पारोळ्याला गाडी बदलली. मिस्तरी, दी., मी. तंत्रनिकेतनचं आवार सुट्टीचं, रिकामं. तिथल्या एका सरांना आधी फोन केला होता. भला माणूस, प्रयोगशाळा उघडून बसले होते.

तिपाईवर एक जुनं लेव्हलचं यंत्र. दुर्बिणीसारखं. सरांनी दी.ला बघायला सांगितलं. तिनं डोळा लावला आणि हललीच नाही. मग मिस्तरींनी पाहिलं आणि दचकून मागे सरले. "अरे! मानूस उलटा दिखस!"

"जुनं आहे, असंच दिसतं यातून," सर म्हणाले.

दी. म्हणाली, "उलटं दिसू दे पप्पा. दोन्ही टोकं उलटीच दिसणार. फरक तोच राहील."

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं तेव्हा.

मग बाहेर मोकळ्यावर. दूर उभं राहून आकड्यांची उंच पट्टी धरायला माणूस हवा. मिस्तरी गेले. कोणी सांगायच्या आधी खिशातून ओळंबा काढला (ओळंबा खिशात घेऊन धुळ्याला आला होता हा माणूस!), दोरी सोडली, पट्टी सरळ करून घेतली आणि दगडासारखे उभे राहिले. सर हळूच म्हणाले, "आमच्या मुलांना हे शिकवायला एक सत्र जातं."

दी. आकडा वाचत होती. डोक्यावर भर दुपार. तिला ऊन लागत होतं की नाही कोण जाणे. त्यांना लागत होतं. एका हातानं पट्टी धरून दुसऱ्यानं ते डोळ्यावर सावली करत होते आणि पोरीकडे बघत होते.

परतीच्या गाडीत काही बोलले नाहीत. मीही नाही. बोलले असते तर सगळं वाया गेलं असतं.

पारोळा सोडल्यावर फक्त एकदा : "वर्गमा पोरी किती ऱ्हातीस?"

थोड्या असतील, म्हटलं. सरांनी सांगितलं तेच.

"हूं."

११ जून

निरोप नाही. दी. एकटी येऊन गेली. म्हणाली, पप्पा आईशीही बोलत नाहीत, नुसते कामावर जातात.

मी विचारलं, त्यांनी नाही म्हटलं तर?

"तर अकरावी करीन. नर्सिंगपण करीन." थांबली. "पण मॅडम, मला तिथं सारखं वाटत राहील की कुठेतरी काहीतरी तिरकं आहे आणि मला बघता येत नाही."

पाणी दिलं.

तिला सांगितलं की हे वाक्य मला नको सांगूस. घरी सांग.

१२ जून

सांगितलं म्हणे. रात्री जेवताना. वडील ताटावरून उठले नाहीत, जेवण पूर्ण केलं. आज सकाळी आधारकार्ड आणि दाखले पिशवीत घालून शाळेत पाठवून दिले. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. नुसते कागद.

होकार म्हणायचा? नाना म्हणाले, "मिस्तरीनी कागद देयात ना? मंग आखो काय पाहिजे?" मला एवढ्यावर समाधान नाही. कागद पोरीच्या हट्टापुढेही देतो माणूस. मला तिच्यामागे हट्ट नको आहे, माणूस हवा आहे. तीन वर्षं लागेल तिला.

नोंदणी मात्र करून टाकली. मुदत १५ची.

१५ जून

शेवटचा दिवस. सकाळपासून शाळेच्या संगणकावर. वेबसाइट कधी चालते, कधी नाही. दुपारी पर्याय भरले. पहिला धुळे, सिव्हिल. दुसरा जळगाव, सिव्हिल. तिसरा पर्याय काय टाकू विचारलं तर दी. म्हणाली, "नको." 

आता पक्कं करायला ओटीपी. नोंदणीत नंबर वडिलांचा, तो मीच टाकला होता मुद्दाम. मिस्तरी कामावर, पाच किलोमीटरवर. दी. म्हणाली मी जाऊन घेऊन येते. मी म्हटलं, तू घेऊन येऊ नकोस, तू तिथे जाऊन बस. ती नानांच्या सायकलवर गेली. अर्ध्या तासानं मी इथून ओटीपी मागवला.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन. मागे मिक्सर मशीनची घरघर.

"मॅडम, तो आकडा येल शे. सहा आकडा शेतस."

म्हटलं, हो, तोच.

"पोर जोडेच बठेल शे. सांगू का नको, माले आजून ठरत नही."

मला म्हणता आलं असतं, सांगा भाऊ, वेळ संपतेय. सवयीनं तोंडावर आलंही होतं. म्हटलं, "मला नका विचारू. शेजारी बसलीय तिला विचारा."

घरघर थांबली. कोणीतरी मशीन बंद केली असावी. मग त्यांचा आवाज, माझ्यासाठी नसलेला : "व माय, तुना पाय उनमा भाजतीन ना..." आणि दी.चं काहीतरी, लांबलचक, मला ऐकू न आलेलं. कोन-उतार सोडले तर एवढं लांब ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

"मॅडम, दोन मिनिटं थांबा," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

हा आकडा दहा मिनिटांत शिळा होतो. नवा मागवता येतो. साइट पाचपर्यंत आहे.

मी बसले आहे.