निवारा चालू आहे

नलूताई,

तुमचा पत्ता कुणाकडंच नाही, तरी लिहिते. सरकारी अनुदान थांबलं, तुमचा पगार बंद झाला आणि तुम्ही जव्हारचा बेघर निवारा सोडून गेलात. 'ताई पळाली' असं मीच सगळ्यांना सांगितलं. चुकलं माझं.

निवाऱ्यात राहणाऱ्या आम्ही बायका मात्र हललो नाही. दिवसा मजुरी केली, संध्याकाळी नाचणीच्या भाकरी थापल्या, आजारी चंद्राआजीला आळीपाळीनं सांभाळलं. नगरपरिषदेचे साहेब निवाऱ्याला कुलूप लावायला आले होते, आजीला जेवताना बघून तसेच परत गेले.

काल तेच साहेब अनुदान पुन्हा मंजूर झाल्याचं सांगायला आले. म्हणाले, "आता निवारा कोण सांभाळणार?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. निवाऱ्यात येण्याआधी एसटी डेपोत झोपणारी मी पुढं झाले आणि म्हणाले, "मी सांभाळतेच आहे, साहेब."

तुमची,
सुकी