सुवर्णाच्या सायकलला मोटर

१५ एप्रिल २००६, एडिसन

मोटरचं चाक आलं! दुकानदार फोनवर सांगत होता, मागचं घ्या, पकड चांगली. कसं घेणार? सुवर्णाच्या सायकलचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच — पेडल उलटं दाबलं की लागतो. तो काढला तर थांबायचं कशाने? म्हणून हट्टाने पुढचं चाक मागवलं. ते चाक धरणारा फोर्क लोखंडी आहे, पेलेल.

१६ एप्रिल

शेजारचा संग्राम गराजमध्ये डोकावला. "काका, घरात गाडी आहे ना! काकूंना सोडत जा ना यार."

हसून टाळलं. त्याला काय सांगू? अजून सुवर्णालाच सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, माझी कडेची नजर चाललीय. हा उन्हाळा संपला की गाडी चालवणं बंद.

सुवर्णा गाडीच्या रोड टेस्टला दोनदा नापास झाली, मग स्टिअरिंगला हातच लावला नाही. वाणसामान, लायब्ररी, देऊळ — सगळीकडे मीच नेतो. चढावर दम लागतो म्हणून सायकलही पडून. माझ्यापायी ती घरात अडकायला नको. आधी सायकल पळू दे. मग सांगेन.

२२ एप्रिल

जोडली. चाकाचा आस फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या — स्वतः कापल्या, स्वतः घासल्या. गल्लीत चकरा मारल्या. केसभर खोट नाही!

२३ एप्रिल

खोट होती.

आज सुवर्णाने चालवली. कोपऱ्यावर गाडी आली, ती घाबरली. पेडल उलटं दाबलं, पण मूठही आवळली — आणि अंगठ्याखालीच मोटरचा खटका! मागून ब्रेक, पुढून ओढ. कुंपणात गेली. कोपर सोललं.

"अहो, ही तर दाव्याला हिसका देणारी म्हैस!" ती हसत होती. मला हसू येईना. माझ्या सगळ्या चकरा न घाबरता मारलेल्या. तिच्या कोपराला हळद लावली.

२९ एप्रिल

सुचलं! उलटं पेडल मारलं की मागच्या ब्रेकची पट्टी फ्रेमवर किंचित दाबली जाते. तिथेच बारीक स्विच बसवला. पट्टी दाबली — मोटर बंद. मूठ आवळा हवी तेवढी! मुद्दाम आवळून पाहिली. थांबते — गपकन.

"बसशील पुन्हा?"

"बसेन की. तुमचं डोकं फिरलेलं असलं तरी हात सरळ आहे."

६ मे

एकटी गेली ओक ट्री रोडच्या बाजारात! मी दारातच उभा. आली ती गवार, कोथिंबीर आणि लालबुंद चेहरा घेऊन. "चढावर एका पोराला मागे टाकलं!"

आज सांगणार होतो. इतकी खुशीत होती. राहिलं.

७ मे

सुवर्णाने सायकलच्या दुकानातून जाड गादीचं कॅरिअर आणलं. "मागे बसवा. धरायला दांडीही लावा."

"सामानाला गादी कशाला?"

"सामानाला नाही. तुम्हाला. डाव्या हाताला ठेवलेला कप चाचपडत शोधता हल्ली. मला दिसत नाही होय?"

दोघांचं वजन पेलायला मागच्या चाकाला जाड तारा घालायला हव्यात.