मागच्या सीटसाठी एअरबॅग

५ जाने., सोमवार

थंडी बरी आहे. गाडी तिसऱ्या किकला लागली. सरस्वतीपुरम ते हूटगळ्ळी, कारखाना, परत. मागची सीट रिकामी. वसुधा शाळेत बसने गेली, बसने आली.

पडलो त्याला दीड वर्ष होईल. तिचं कॉलरबोन केव्हाच जुळलं. हात वर जातो, फळ्यावर लिहिते, माळ्यावरचे डबे काढते. फक्त माझ्यामागे गाडीवर बसत नाही. आज पुन्हा विचारून पाहिलं. "बेडा री." बेडा म्हणजे नको आणि री म्हणजे अहो. लग्न झालं तेव्हा या री-ची मला भारी गंमत वाटायची. मी साताऱ्याचा, नोकरीसाठी इथं आलो आणि इथल्याच मराठी घरात सोयरीक जमली. यांच्या चार पिढ्या म्हैसुरात. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतात आणि यांना पत्ताही नसतो.

लेकीचा बंगळूरहून फोन. ऋताचं म्हणणं, अंगात घालायची एअरबॅग मिळते आता, बाबा, आईसाठी ती बघा. माणूस गाडीवरून उडाला की जाकीट फुगतं, मान, छाती, पाठ वाचते. तिला म्हटलं, आई त्या जाकिटाला नमस्कार करेल आणि बसने जाईल. पण डोक्यातून जाईना.

७ जाने.

जेवणाच्या सुट्टीत वाचत बसलो. दोन जाती आहेत. एक दोरीची. दोरीचं एक टोक जाकिटाला, दुसरं गाडीच्या सांगाड्याला. माणूस फेकला गेला की दोरी ताणते, आतली गॅसची नळी फुटते, जाकीट फुगतं. दुसरी सेन्सरची. तीत दोरी नाही, यंत्रच ठरवतं आपण पडतोय की नाही. तिला चार्जिंग लागतं, फोनवरून अपडेटसुद्धा.

मी मेंटेनन्सचा माणूस. चार्जिंगवर चालणारी वस्तू नेमकी गरजेच्या वेळी झोपलेली असते, हे आयुष्यभर बघतोय. दोरीच बरी.

दोरीत एकच गोम. उतरताना ती आठवणीनं काढायची. सावकाश उतरलं तर नुसती ओढ बसते, पण उडी मारली तर फुगलंच. आणि वसुधा गाडी पुरती थांबायच्या आत उतरते. उतरायची. शेवंतीची टोपली दिसली की माझ्या पाठीवर थाप आणि बाई खाली. मी पुढे दहा पावलं एकटाच बोलत जायचो.

११ जाने., रवि.

रायडिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो होतो. वसुधाला चल म्हटलं, तिला नेमक्या वह्या तपासायच्या होत्या. दुकानदार चेतन, तिशीचा, सभ्य. माझी गाडी बघून आधी बाहेर आला, दोन सायलेन्सर, टाकी, सगळं हात न लावता बघून घेतलं. म्हणाला, सर, ही आपल्या म्हैसूरचीच ना. होय बाबा, इथल्याच मोटारसायकलच्या कारखान्यातली. तो कारखाना बंद पडला, ही चालू आहे. ज्या कामगाराकडून घेतली, तो चावी देताना दुसरीकडे बघत होता. असो. भरकटलो.

दोरीचं जाकीट घालून बघितलं. आरशात लाइफबोटीतला खलाशी. चेतनने बसायला लावलं, दोरी ओढून दाखवली, नळी कशी बदलायची तेही. मग विचारलं, मॅडम मागे कशा धरतात?

कशा म्हणजे? उजवा हात खांद्यावर, डावा कमरेला.

तो मान हलवू लागला. पुढच्याला मिठी घालून बसलं तर पुढच्याचं जाकीट फुगायला जागा राहणार नाही, मॅडमच्या हातालाही मार बसेल. मॅडमनी मागची दांडी धरावी.

दांडी. एकवीस वर्षांत त्या दांडीला फक्त भाजीची पिशवी लागली आहे.

माझ्या मापाचं तिथंच घेतलं. तिच्या मापाचं नव्हतं, कंपनीकडून मागवलं. आल्यावर दहा दिवसांत परत करता येतं, नळी फोडलेली नसली तर.

१२ जाने.

कालचं दांडीचं डोक्यात आहे.

मला कन्नड कुणी शिकवलं? मागच्या सीटने. नवीन नवीन मी ठार निरक्षर. वसुधा मागून कानात पाट्या वाचायची. हूविन अंगडी. फुलांचं दुकान. निधानवागि चलिसि. सावकाश चालवा. एकेक अक्षर बोटानं माझ्या पाठीवर काढायची, चुकलो की कोपरखळी. शहर मी असं पाठीवरून वाचलं. आज कारखान्यात नोटीस वाचतो तेव्हा लोक म्हणतात, साहेबांचं कन्नड छान. त्यांना काय सांगू.

गुंडलुपेटच्या बाजूला जायचो, रस्त्याच्या कडेला सूर्यफुलं, झेंडू. सकाळी गारठा असायचा. तिथं ती दोन्ही हात माझ्या जर्किनच्या खिशात घालायची आणि बोलत सुटायची. घरात आम्ही कामाचंच बोलतो, गॅस संपला, फी भरली. बाकी सगळं गाडीवर झालं. ऋताचं नाव नंजनगूडच्या रस्त्यावर ठरलं. हूटगळ्ळीला तेव्हा नुसती शेतं होती, तिथला प्लॉट घ्यायचा नाही हेही गाडीवरच ठरलं. (तो निर्णय चुकला. तिचा होता. हे तिला कधी बोलायचं नाही.) माझे वडील गेले तेव्हाही मी घरात रडलो नाही. चामुंडीचा डोंगर चढताना रडलो, ती पाठीला डोकं टेकून गप्प बसली होती.

दीड वर्षात आम्ही नीट बोललेलो नाही. भांडणही नाही. फार आठवण येते. ती याच घरात आहे आणि मला तिची आठवण येते, हे कुणाला सांगायची सोय नाही.

१५ जाने., संक्रांत

एळ्ळु-बेल्ल घेऊन तिच्या माहेरी, देवराज मोहल्ल्यात. रिक्षाने. तीळ, गूळ, खोबरं, सगळं तिने नेहमीसारखं बारीक चिरलेलं. रिक्षात ती फोनमध्ये, मी फोनमध्ये. पूर्वी ती ताट मांडीवर धरून मागे बसायची आणि प्रत्येक गतिरोधकाला मला दम द्यायची. मेहुणा म्हणाला, काय भावोजी, गाडी विकली काय? हसलो.

१९ जाने.

तिचं जाकीट आलं. तिने घातलं, माझ्या आग्रहाखातर. साडीवर. पट्टे आवळले, खांदे हलवून बघितले, फिट बसलं. "छान आहे," म्हणाली. काढलं, घडी घातली, खोक्यात ठेवलं. कुकर लावायला गेली.

म्हटलं, रविवारी श्रीरंगपट्टणपर्यंत? बेडा री.

२० जाने.

ऋताशी फोनवर वाद. ती म्हणते, दोरीच का घेतली? दोरी ओढली जायला माणूस गाडीपासून सुटावा लागतो. तुम्ही दोघं त्या दिवशी गाडीसकट घसरला असाल तर दोरी ताणलीच नसती. म्हणून आईचा विश्वास बसत नसेल.

मुद्दा बरोबर आहे. मुलगी माझ्यावर गेली आहे. ठरवलं, रीतसर बघू. कारखान्यात मशीन बंद पडलं की आम्ही ब्रेकडाऊन रिपोर्ट करतो. पहिलं काय झालं, मग काय, मग काय. ज्याने ज्याने पाहिलं त्याने वेगळ्या कागदावर लिहायचं, एकमेकांचं न बघता. मग दोन्ही शेजारी ठेवायचे. दोष सापडतोच. आजवर एकदाही फसलेलं नाही.

२२ जाने.

माझा कागद लिहिला.

१. हूटगळ्ळीचं वळण. नवीन बांधकाम, रस्त्यावर खडी. २. वेग तीसच्या आत. ३. मागचं चाक सरकलं. ४. गाडी डावीकडे. ५. वसु सुटली, डाव्या खांद्यावर. मी गाडीबरोबर घसरलो, कोपर सोललं. ६. उठलो, वसुकडे गेलो. ७. रिक्षा, दवाखाना.

म्हणजे तिची दोरी ताणली असती. जाकीट फुगलं असतं. झालं सिद्ध.

तिलाही कागद दिला. म्हटलं, आठवेल तसं, क्रमाने लिही. तिने पेनचं टोपण काढलं. मग म्हणाली, खरंच लिहू? म्हटलं, लिही की, त्यासाठीच दिलाय.

२३ जाने.

कागद डब्याखाली ठेवून शाळेत गेली होती. कन्नडमध्ये लिहिलेला. तिची शाळा कन्नडमधली, मनातलं लिहायचं तर ती कन्नडमध्येच लिहिते. मी अजूनही अक्षर लावत वाचतो, बोट ठेवून.

एक ते पाच माझ्यासारखंच. सहावं:

अवरु मोदलु गाडी एत्तिदरु.

त्यांनी आधी गाडी उचलली.

सातवं, टाकी हाताने पुसली. आठवं, मी बघत होते. नववं, मग माझ्याकडे आले.

२४ जाने.

हे खोटं आहे. टाकीतून पेट्रोल गळत असणार, म्हणून उचलली असेन. मागून ट्रकही येत असतील. रस्त्यात गाडी आडवी ठेवायची का? कुणीही शहाणा माणूस आधी गाडी बाजूला घेतो. संध्याकाळी तिला हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. "हौदा," म्हणाली. हो का. एवढंच.

तिच्या त्या हौदाचा राग आला. दूध आणायला गेलो तो रागाने चालतच गेलो.

२५ जाने., रवि.

काही नाही. गाडी धुतली नाही. दर रविवारी धुतो.

२६ जाने.

कारखान्यात झेंडावंदन, मग सुट्टी. येताना त्या वळणावर थांबलो. खडी नाही आता, घर उभं राहिलंय, पिवळं, गच्चीवर कपडे.

पेट्रोल गळत नव्हतं. झाकण घट्ट होतं, मीच बसवलेलं. ट्रकही नव्हता. सकाळचे साडेसात, रस्ता मोकळा.

आठवलं. सगळं लख्ख आठवलं. उठलो, मागे बघितलं. ती बसली होती, हात धरून. बसलीय म्हणजे बरी आहे, असं मनात आलं. एवढंच मनात आलं आणि मी गाडीकडे वळलो. टाकीच्या रंगावर ओरखडा. अंगठ्याने पुसून बघितला, जातो का. मागे ती मोडलेल्या हाडासकट बसून बघत होती. तिने हाक मारली नाही. मारली असती तर मी गेलो असतो की नाही, हा प्रश्न मी इथं लिहितोय आणि उत्तर लिहीत नाही.

दीड वर्ष मी तिच्या खांद्याची चौकशी करतोय.

२७ जाने.

आज सांगितलं. ती परसात कपडे काढत होती. म्हटलं, वसु, तुझा कागद बरोबर आहे. मी गाडी आधी उचलली. पेट्रोल वगैरे काही नव्हतं.

हातातल्या चादरीची घडी घालायची ती थांबली. मला वाटलं रडेल किंवा चिडेल. दोन्ही झालं नाही.

"पडण्याचं मला काही नाही री. गाडी म्हटली की पडायचंच कधीतरी. मागे बसून मी काय बघत असते सांगू? तुमची पाठ. वीस वर्षं तीच बघितली. त्या दिवशीपण पाठच बघितली. पण त्या दिवशी ती माझ्याकडे करून तुम्ही गाडी बघत होता."

चुकलो म्हटलं. ते इतकं बारीक आवाजात निघालं की पुन्हा म्हणावं लागलं. तिने चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. दोघांनी मिळून घडी घातली. मग टॉवेल, मग माझे शर्ट.

२८ जाने.

ऋताला कळवलं, आईचं जाकीट परत करतोय, उद्या दहावा दिवस. का, म्हणाली. म्हटलं, दोष जाकिटात नव्हता, रिपोर्टमध्ये निघाला. कुणाचा, विचारत होती. माझा म्हटलं. तिने विषय बदलला. हुशार आहे. कंपनीला फोन केला, उद्या सकाळी माणूस येईल न्यायला. खोकं चिकटपट्टी लावून दाराशी ठेवलं. वसुधाने ठेवताना बघितलं.

आमटी छान झाली होती. तसं म्हटलं. खूप दिवसांनी म्हटलं.

२९ जाने., गुरु.

न्हाणीघरात होतो. फाटकाशी आवाज, कुरिअरवाला. वसुधाचा आवाज: इल्ला, वापस बेडा. परत न्यायचं नाही. तो म्हणत होता, आज शेवटचा दिवस आहे मॅडम, नंतर घेणार नाहीत. ती म्हणाली, गोत्तु. माहीत आहे. फाटक लागल्याचा आवाज आला.

तसाच ओल्या अंगाने, टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. खोकं दारातून उचलून तिने कपाटात ठेवलं होतं, खालच्या कप्प्यात, तिच्या साड्यांशेजारी. चिकटपट्टी तशीच. ती डबा भरत होती.

म्हटलं, म्हणजे... बसणार?

"ठेवून घेतलं म्हटलं री. बसेन म्हटलं नाही."

पदर खोचला, डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या. फाटकापर्यंत गेली, वळून बघितलं. मी तिथंच उभा होतो, टॉवेलात, पाणी निथळत. अंग पुसा, म्हणाली, सर्दी होईल. आणि बससाठी गेली.