निरोप समारंभानंतरची मिसळ

ता. सुरगाणा, जि. नाशिक
(गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. कारण पुढे कळेल.)
मंगळवार, १३ जानेवारी

प्रभूमध्ये प्रिय सुवर्णा आत्या यांना भाचा स्वराज याचा हात जोडून सलाम. आपली तब्येत कशी आहे, गुडघा काय म्हणतो, शाळेच्या बोअरला पाणी आहे का, झांबियातली पोरं अजून आपल्याला घाबरतात का, हे सर्व कळवावे. इकडे आम्ही सर्व कुशल आहोत. (हे हातानं आपोआप लिहिलं. कुशल कोणीच नाही.) वडीलधाऱ्यांना पत्रात 'आपण' लिहायचं ही पप्पांची शिस्त, पण तसं लिहिलं की बँकेत अर्ज केल्यासारखं वाटतं. तेव्हा आता तूच.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. तर फोनवर तू पहिल्याच वाक्यात 'व्हिसा आला का' विचारतेस आणि पुढचं सगळं राहून जातं. शिवाय मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा येतात, आणि तू वाचलंस पण काही बोलत नाहीस ही अवस्था मला सोसणार नाही. पत्राचं बरं असतं, कधी पोहोचलं ते कळतच नाही.

सुरुवात निरोप समारंभापासून करतो. तुझ्या शाळेत वायरिंग शिकवायला यायचा व्हिसा शुक्रवारपर्यंत येईल असं मी चर्चमध्ये सांगितलं होतं. म्हणजे एजंट म्हणाला होता. म्हणजे एजंट नुसतं 'येऊन जाईल' म्हणाला होता, शुक्रवार मी लावला. त्यात हंगामाच्या, म्हणजे नव्या पिकाच्या उपकारस्तुतीच्या उपासनेचा मांडव अजून उभा होता, कारण मांडववाल्याला पुढच्या लग्नाची ऑर्डर आठ दिवसांनी होती. (त्या उपासनेत यंदा देवाला वाहिलेल्या एका दुधी भोपळ्याच्या लिलावावरून चर्चच्या कारभारातल्या दोन डिकनांचं बोलणं बंद झालंय, पण ते वेगळं पत्र होईल.) सेक्रेटरी म्हणाले, मांडव आहे, खुर्च्या आहेत, मुलगाही आहे, उरकून घेऊ. आणि आत्या, उरकला! सात भिंतीवरची घड्याळं मिळाली. प्रत्येकाच्या काचेवर देणाऱ्याचं नाव. एक घड्याळ झांबियाच्या वेळेला लावून दिलं होतं, साडेतीन तास मागे. त्यामुळे आमच्या घरात दोन दिवस कोणीच वेळेवर जेवलं नाही. तीन ब्लँकेटं मिळाली, कारण परदेश म्हणजे थंडी. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बायडाबाईंनी (महिला मंडळाच्या अध्यक्षा, तिसऱ्या बाकावर कडेला बसतात, मला लहानपणी वचन पाठ झालं की लिंबाची गोळी द्यायच्या) निरोपाचं गाणं म्हटलं आणि दुसऱ्या कडव्यात रडू कोसळून त्या खाली बसल्या. मग सगळेच रडले. पप्पा रडले! ओझरच्या कारखान्यातलं कंत्राटी काम मी चार महिन्यांत सोडलं, घोटीच्या भाताच्या गिरणीतून सहा आठवड्यांत पळालो, तेव्हाही ते रडले नव्हते, वेगळं बोलले होते.

तर निरोप झाला आणि शुक्रवार आला. व्हिसा नाही. पुढचा शुक्रवार आला. व्हिसा नाही. ज्याला मांडव घालून निरोप दिला तो माणूस दुधाच्या पिशवीसाठी रांगेत उभा राहू शकत नाही, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. परत येण्याला समारंभ असतो, न जाण्याला नसतो. आई म्हणाली, घरात बस. मी घरात बसलो. मी घरात बसणारा माणूस नाही हे तुला माहीत आहे. अकराव्या दिवशी टोपी घालून, तोंडाला रुमाल बांधून निघालो आणि पाय आपोआप जुन्या सीबीएस स्टँडजवळच्या मिसळीच्या गाडीवर गेले. आता रुमाल बांधून मिसळ खाता येत नाही.

मी पहिला घास घेतला आणि समोर बायडाबाई. हातात मेथीच्या दोन जुड्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. तोंडात पाव असल्यामुळे सलामही करता येईना. मला वाटलं, संपलं. पण बाईंनी काय करावं? मेथी छातीशी धरली, डोळे मिटले आणि भर फुटपाथवर प्रार्थना सुरू केली. त्यांची प्रार्थना लांब असते हे मला लहानपणापासून ठाऊक. मी प्लेटसकट गाडीच्या मागे गेलो आणि तिथून पसार झालो. (प्लेट दुसऱ्या दिवशी मित्राकरवी, नवनाथकरवी, परत केली. मी बाकी काहीही असेन.)

रविवारी त्यांनी चर्चमध्ये साक्ष दिली. आईनं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. बायडाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बंधुभगिनींनो, गुरुवारी भर बाजारात प्रभूनं मला आपला स्वराज दाखवला. लय वाळला होता हो पोरगा. डोळ्यात पाणी. आणि आपल्या गावची मिसळ खात होता. तिकडं उपाशी आहे तो, म्हणून मला असा दिसला. मी डोळे मिटून प्रार्थना केली, उघडले, तर अंतर्धान!" डोळ्यात पाणी होतं हे खरंय, तर्री फार तिखट होती. तेव्हापासून चर्चमध्ये माझ्यासाठी दर शुक्रवारी उपास चालू आहे. महिला मंडळातल्या शुगर असलेल्या बायकासुद्धा करतात. आई मध्ये बसून ऐकते. कोणी विचारलं, मुलगा काय कळवतो, तर म्हणते, देव सांभाळतोय. घरी मात्र मला म्हणाली, "तू तिकडं नाहीस, इकडंही नाहीस, मग मी तुझ्यासाठी नेमकी कुठली प्रार्थना करू रे?"

म्हणून नवनाथनं मला उचललं. (नवनाथ म्हणजे माझा आयटीआयचा मित्र. वायरमनचं शिकला आणि जीप चालवतो. त्याच्या जीपमध्ये सोळा माणसं बसतात, त्यातली चार बाहेर.) सुरगाण्याकडे एका संस्थेची शाळा आणि वसतिगृह आहे, तिथली वायरिंग जळाली होती. ज्यांचे आईबाप भातकापणीनंतर दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांवर जातात, ती पोरं तिथे राहतात. चार दिवसांचं काम होतं. दोन दिवसांत झालं. तिसऱ्या दिवशी गणिताचे गुरुजी नोकरी सोडून गेले आणि कुसाबाई, म्हणजे तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी, मला म्हणाल्या, "तू रिकामाच हायेस ना? मग उभा ऱ्हा जरा पोरांपुढं."

आत्या, मी उभा राहिलो तो अजून उभाच आहे. इथली पोरं आपसात बोलतात ते मला निम्मं कळत नाही आणि माझं नाशिकचं मराठी ऐकून ती पोटभर हसतात. तू झांबियातून पहिल्या वर्षी लिहिलं होतंस की परक्या भाषेत शिकवताना आपण वर्गातले सगळ्यात ढ विद्यार्थी असतो. मला ते घरापासून शंभर किलोमीटरवर कळलं. मी अपूर्णांक नागलीच्या भाकरीवर शिकवतो. भाकरीचा एक तृतीयांश म्हटलं की उत्तर येतं, फळ्यावर लिहिलं की शांतता. पण गंमत ही नाही. दर शनिवारी शाळा सुटताना एक ना एक पोर दारात थांबून विचारतं, "गुरुजी, सोमवारी हाय ना?" आधीचे तीन गुरुजी असेच शनिवारी गेले होते. मी पहिल्यांदा हसलो. दुसऱ्या शनिवारी हसू आलं नाही. मला आजवर 'कधी जातोस' हेच सगळ्यांनी विचारलंय.

आता खरं सांगतो. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला काहीही वाटलं नाही. झेंडूच्या हारानं मान खाजत होती, एवढंच. बायडाबाईंना मिसळीत दर्शन होतं आणि मला सबंध मांडवात काही दिसलं नाही. नाताळच्या दिवशी पोरं सुट्टीला आईबापांकडे बागांवर गेलेली, वसतिगृहात मी आणि कुसाबाई. त्यांना नाताळ माहीत नव्हता, मी सांगितला, गोठ्यापासून. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, बाळंतिणीजवळ बाईमाणूस कोण होतं? एवढी वर्षं संडे स्कूलला जाऊन हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी मनापासून प्रार्थना केली, लिंबाच्या गोळीशिवाय. तुला असं कधी झालंय का? तू गेलीस तेव्हा तुला आतून आवाज आला होता, का तुलाही नुसती मान खाजली होती? चर्चमध्ये सांगतेस ते नको, खरं कळव.

बाकी ठीक. गुडघ्याला तेल लाव. तिथल्या सर्व मंडळींस सलाम.

तुझा,
स्वराज

ता. क. : मुख्य सांगायचं राहिलं. एक छोटं काम कर. पाळकसाहेबांना दोन ओळी लिही की शाळेत वायरिंग शिकवायला तिकडचाच कोणी मिळाला, आता स्वराजची गरज नाही. तुझ्या शब्दाला मान आहे. उपास थांबतील, आई सुटेल आणि मीही.

ता. क. २ : व्हिसा ११ डिसेंबरलाच आलाय. मोबाइलमध्ये आहे. कोणालाच सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. रोज उघडून बघतो, फोटोत मी घाबरलेला दिसतो.

ता. क. ३ : कुसाबाई भाकऱ्या थापत होत्या, म्हणाल्या एवढं काय लिहितोस, वाचून दाखव. मी पहिल्या ता. क. सकट सगळं वाचलं. त्या तव्याकडे बघतच म्हणाल्या, "जायचं तं जा, ऱ्हायचं तं ऱ्हा. पण त्या बाईला एवढ्या लांबून खोटं का लिवायला लावतोस? तुला तोंड नाय?" तेव्हा पहिला ता. क. रद्द समजावा. (खोडला असता, पण कागद हा शेवटचाच आहे आणि खाडाखोड तुला आवडत नाही.) मी या रविवारी चर्चला जातो. उभा राहून सगळं सांगतो, व्हिसाचंही. झांबियाला यायचं की नाही ते त्यानंतर, आणि ते तुलाच आधी कळवीन. पोरांना सोमवारी आहे म्हणून सांगितलंय. भीती फक्त बायडाबाईंची वाटते. मला दारात बघून त्या पुन्हा डोळे मिटून घेतील, आणि एकदा मिटले की पाऊण तास उघडत नाहीत. म्हणून ठरवलंय, आधी तिसऱ्या बाकापाशी जाऊन त्यांचा हात धरायचा. बोलायचं नंतर.