स्वयमनं कानातलं ओढलं नाही

दमयंतीताई,

मच्छीमार नगरचा तुमचा पत्ता माझ्याकडे आहे, पण हे पत्र टाकायची हिंमत नाही.

त्या दुपारी परळच्या हॉस्पिटलात, मुलांच्या वॉर्डात तुम्ही म्हणालात, "सिस्टर, सकाळपासून यानं माझं कानातलं ओढलं नाय. मांडीवर घेतला की पयलं तेच करतो." न्यूमोनियानं चार दिवस रडणारा तुमचा स्वयम गप्प पडला होता. मी चादरीवरूनच, पूर्ण मिनिटाऐवजी पंधरा सेकंद श्वास मोजले, चारनं गुणले आणि म्हटलं, "बरं वाटतंय, म्हणून शांत आहे." चार्टवरही तेच लिहिलं.

तुम्ही ऐकलं नाहीत. मोठ्या सिस्टरना हाताला धरून आणलंत. त्यांनी झबलं वर केलं, तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. रडायचीही ताकद उरली नव्हती त्याच्यात.

पुढचे आठ दिवस मी त्याच्या कॉटपासून हलले नाही. घरी जाताना तुम्ही माझे हात धरून म्हणालात, "तू लक्ष ठेवलंस म्हणून पोर हाती लागलं." मी नुसती हसले.

आता मूल गप्प दिसलं की मी आधी झबलं वर करते आणि आईला विचारते, "एरवी काय करतो हा?" मोठ्या सिस्टर नव्या मुलींना सांगतात, "हिची नजर बघा, शिका." मी तेव्हाही तुमचं नाव घेत नाही.

तुमची शिकाऊ सिस्टर,
अक्षदा