पाहुण्यांच्या सपाता

मंगळवार, १४ नोव्हेंबर

आजही तेच. पाचवीच्या वर्गाचं दार सरकवलं — सगळी मुलं ताडकन उभी. कमरेत वाकून, एका सुरात, "नमस्कार, बाई." मग बसली. खुर्चीचासुद्धा आवाज नाही.

प्राण्यांचे इंग्रजी शब्द शिकवत होते. हसतील म्हणून गाढवासारखं ओरडून दाखवलं. मुलांनी ते वहीत टिपून घेतलं.

एप्रिलपासून मंगळवारी आणि शुक्रवारी या शाळेत येते. मुलं मला घाबरतात, दुसरं काय? शाळा म्हणजे काय हे मलाच धड ठाऊक नाही. मोठी होईपर्यंत आईनेच शिकवलं, नॉर्वेतल्या आमच्या बेटावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. गणित चुकलं की मी टेबलाखाली जाऊन बसायची. आई वाकून तिथेच पुढचं गणित घालायची.

उपमुख्याध्यापिका हिरोसे बाईंनी विचारलंय, पुढच्या वर्षी याल का? महिनाअखेर सांगायचं. "सावकाश विचार करा," म्हणाल्या. इतकी वर्षं जपानात काढली, एवढं कळतं मला. सावकाश म्हणजे त्यांनाही मी नको असणार.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

नकार आरशासमोर म्हणून पाहिला. इतका सभ्य झाला, की होकारच वाटला.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

पाचवीबरोबर जेवण. भात, मासा, दूध. एक मुलगा आला नव्हता, त्याचं पुडिंग उरलं. वाटलं, आता तरी भांडतील.

"बाई, तुम्ही घ्या."

मी नको म्हटलं. मग कुणीच घेईना. पुडिंग परत गेलं. सगळ्या वर्गाने त्याला डोळ्यांनी निरोप दिला.

त्यांचे वर्गशिक्षक कुवाबारा सर शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "काल अशाच पुडिंगवरून दोन मुलं रडली. ओनो तर टोपलीच घेऊन पळाला."

म्हणजे दातखीळ बसते ती माझ्यासमोरच.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

जेवणानंतर मुलं शाळा साफ करतात. आज मला पाचवीतल्या चिनात्सुबरोबर शिक्षकांच्या दाराशी काम होतं. मी या दाराने कधी येत नाही. पाहुण्यांच्या दाराने येते, बाहेरचे बूट काढून तिथल्या हिरव्या सपाता पायात घालते. मोठ्या होतात, फटक फटक वाजतात. आत घालायचे स्वतःचे बूट आणून ठेवा, असं कुणी म्हणालं नव्हतं. न विचारता आणणं बरं दिसेना.

चिनात्सु शिक्षकांच्या बुटांचे खण पुसत होती. एक रिकामा खण तिने दोनदा पुसला.

"हा कुणाचा गं?"

साफसफाईत बोलायचं नसतं. ती कुजबुजली, "तुमचा."

"माझा?"

"पहिल्यापासून. रिकामा असला तरी धूळ बसतेच की." मग फडकं पिळत, माझ्याकडे न बघता, "तुम्ही अजून पाहुण्यांच्याच सपाता घालता. सर म्हणतात, पाहुण्यांसमोर नीट वागायचं. बाई, आम्ही फार दमलोय."

मी खाली सपातांकडे पाहिलं. तीच पुन्हा म्हणाली, "राहायचं नसेल म्हणून बूट आणत नाहीत, असं ओनो म्हणतो. खरंय का?"

"ओनोला काय कळतंय," मी म्हटलं.

"तेच मी त्याला म्हटलं."

नंतर हिरोसे बाईंना गाठलं. त्या कानापर्यंत लाल झाल्या. "खण तयारच होता हो. पण बूट आणा म्हणावं, तर तुम्हाला वाटायचं आम्ही अडकवून ठेवतोय. तुम्हाला संकोच नको, म्हणून…"

आणि मी गप्प, कारण त्यांना संकोच नको! एप्रिलपासून!

रविवार, २६ नोव्हेंबर

बूट घेतले. पांढरे, रबरी तळव्यांचे. दुकानातल्या आजी म्हणाल्या, "मुलांसाठी का?" हो म्हटलं. रात्रभर विचार केला. खोटं नव्हतं ते.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

नवे बूट घालून, अजिबात आवाज न करता वर्गाशी गेले. दार सरकवलं. ओनो बाकावर उभा राहून गाढवासारखा ओरडत होता — अगदी माझ्यासारखा. कुणीही उठलं नाही.

"बाई, दार लावा की," चिनात्सु म्हणाली. "थंडी आत येतेय."

दुपारी हिरोसे बाईंनी विचारलं, "तास कसा झाला?"

"कुणी माझं ऐकलंच नाही," मी म्हणाले, आणि पुढच्या वर्षीचा होकार दिला.