कानातला आवाज

मंगळवार, १२ जुलै

सीट काढलेली होती.

सकाळी साडेसातला गॅरेजमध्ये पोचले तर आमची एकेचाळीस नंबरची शर्यतीची गाडी आतून रिकामी. आमच्या ड्रायव्हरची, ऱ्हेटची सीट बाहेर व्हॅनमध्ये, चादरीत गुंडाळलेली. त्याच्या पाठीच्या, बरगड्यांच्या मापाने ओतलेली सीट ती, दुसऱ्या कुणाला बसायची नाही. मला वाटलं दुरुस्तीला चालली असेल. ड्युईला विचारलं. वीस वर्षं गाड्या जोडणारा माणूस, पण माझ्याकडे न बघता हातातल्या पान्याशी बोलला — "तुला कुणी सांगितलं नाही? अगं, ऱ्हेट गेला. मोठ्या संघाकडे. काल सह्या झाल्या."

हंगामाच्या मध्यावर! एकोणीस शर्यती झाल्यात, सतरा बाकी आहेत.

सात वर्षं मी स्पॉटर म्हणून मैदानांच्या छतांवर उभी राहून, रेडिओवरून या पोराच्या कानात बोलतेय. हेल्मेट आणि पट्ट्यांमध्ये आवळलेल्या ड्रायव्हरला बाजूचं धड दिसत नाही, त्याचे डोळे म्हणजे मी. मी "मोकळं" म्हटलं की तो ताशी एकशे ऐंशी मैलांनी गाडी बाजूला घेतो — न बघता. इतका भरवसा माझ्यावर दुसऱ्या कुणीच टाकला नाही. लग्न केलं त्यानेही नाही.

परवा शर्यत संपल्यावर मिठी मारली होती त्याने मला. म्हणाला, "भेटू मंगळवारी, ट्विला."

बुधवार, १३ जुलै

स्ट्राउडने केबिनमध्ये बोलावलं. मालक असला तरी मला बघून उभा राहिला, तेव्हाच समजले.

"अदलाबदल आहे," म्हणाला. "ऱ्हेट त्यांच्याकडे, त्यांचा ओरेन टाइस आपल्याकडे. वर उरलेल्या हंगामाची इंजिनं त्यांची. मला नाही म्हणता आलं नाही."

"आणि मी?"

"तू आहेस की इथेच! त्यांचा स्पॉटर त्यांच्याकडे आहे."

म्हणजे माझा विषयच निघाला नव्हता. विचारलं, ऱ्हेटला कधीपासून माहीत होतं? त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "तीनेक आठवडे. वकिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितलेलं."

तीन आठवडे! त्या तीन आठवड्यांत माझ्या ओसरीवर बसून तो टोमॅटो सँडविच खाऊन गेला. माझ्या गुडघ्याची चौकशी केली. पुढच्या वर्षी डेटोनाच्या शर्यतीत काय काय वेगळं करायचं ते बोलत बसला, कागदावर रेघा ओढून! मी तो कागद जपून ठेवला होता. आज शोधून फाडला. फाडल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.

गुरुवार, १४ जुलै

ऱ्हेटचा मेसेज. 'माझ्या हातात नव्हतं. तू समजून घेशील.'

नाही घेणार.

शुक्रवार, १५ जुलै

ओरेन टाइस आला. जुन्या पिकअपमधून, मागे ताडपत्रीखाली स्वतःची सीट दोरीने बांधून. व्हर्जिनियाच्या डोंगराकडचा, चौतिशीचा, रुंद पंजांचा माणूस. बोलतो इतकं हळू की वाक्य संपेपर्यंत माझा चहा गार झाला.

"मॅम, तुम्ही कसं बोलता ते सांगा. मी तसं ऐकायला शिकतो."

ऱ्हेटला सगळं भराभर लागायचं — कोण मागे, किती मागे, कुठल्या रंगाचा. याला म्हणे थोडंच हवं. "मला फक्त कोण अंगाशी आहे तेवढं सांगा. बाकीचं मी गाडीला विचारतो."

जेवताना कुणीतरी विचारलं, तुला ही बातमी कशी कळली? तो शांतपणे म्हणाला, "सासूने सांगितली. तिने टीव्हीवर पाहिली. फोन करून म्हणाली, ओरेन, तसाही तू आता रिकामाच आहेस, तर माझं गटार साफ करायला ये."

हसले मी. चार दिवसांत पहिल्यांदा. मग लक्षात आलं — याच्याही सीटचं तसंच झालं. त्यालाही कुणी विचारलं नाही.

रविवार, १७ जुलै

लिहायला नको वाटतंय. पण लिहिते.

छतावर माझ्या शेजारी लमार. तो दोन वर्षं ओरेनच्या कानात होता, आता ऱ्हेटच्या. च्युइंगमचं पाकीट पुढे करून म्हणाला, "तुझं पोर माझ्याकडे, माझं तुझ्याकडे. दवाखान्यातल्या नर्सने पाळणे बदलले बघ!" मी च्युइंगम घेतलं. त्याच्यावर कशाला रागवायचं.

सगळं नीट चाललं होतं. दोनशे बाराव्या फेरीला ऱ्हेट आमच्या थोडा पुढे होता, नव्या निळ्या गाडीत. तो आतली गाडी ओलांडून वर, भिंतीच्या बाजूला सरकायला बघत होता. तो कधी सरकणार हे मला त्याच्याही आधी कळतं. त्याचं मागचं चाक त्या गाडीच्या पुढे निघालं, जागा झाली, आणि माझा अंगठा बटणावर होता, आणि मी म्हणाले —

"मोकळं."

मोकळा ऱ्हेट झाला होता. ओरेनच्या दाराशी तर अजून गाडी होती! ओरेनने ऐकलं आणि सरकला. न बघता. ऐकायला शिकतो म्हणाला होता ना.

गाडी भिंतीवर आदळल्याचा आवाज छतापर्यंत आला. कानात काहीच नाही. मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायच्या आत तो म्हणाला, "आहे मी, मॅम. गाडी गेली."

लमारने माझ्याकडे बघितलं नाही. त्याला समजलं होतं. छतावरच्या प्रत्येकाला समजलं असणार.

सोमवार, १८ जुलै

गॅरेजच्या मागे ओरेनला गाठून सगळं सांगितलं. मी दुसऱ्या गाडीकडे बघत होते. राजीनामा देते.

तो बराच वेळ बरगडी चोळत बसला. मग म्हणाला, "मला कळलं होतं. तुमचा आवाज माझ्याकडे नव्हता. माझी बायको टीव्ही बघत जेवायला वाढते ना, तसा."

मी विचारलं, "स्ट्राउडला काय सांगितलंत?"

"माझीच घाई झाली, असं."

मला रडू आलं. त्याने खिशातून ग्रीसने काळं झालेलं फडकं काढलं, बघितलं, परत ठेवलं. "हे नको. डोळे जातील, आणि मला ते लागणार आहेत."

रविवार, ३१ जुलै

अकरावे आलो. छतावर मी निळी गाडी दिसली की मान दुसरीकडे वळवत होते. मान आखडली आहे. अकरावे!

शनिवार, ६ ऑगस्ट

गाठ पडायचीच होती. सरावानंतर ट्रकांच्या मधल्या बोळात ऱ्हेट समोर आला. नवा गणवेश, नवी टोपी, कान तेच.

"बोलणार नाहीस?"

"सात वर्षं बोलले. भरपूर झालं."

"ट्विला, असं दार पुन्हा उघडत नाही. मी सव्वीस वर्षांचा आहे. नाही म्हणायला हवं होतं का मी?"

"जायला मी कधी नको म्हटलं? सांगायचं होतंस. एका वाक्याचं काम होतं."

"सांगितलं असतं आणि फुटलं असतं तर? तू काय केलं असतंस माझ्या जागी?"

"सांगितलं असतं!"

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला. उर्मटपणे नाही. दमलेला दिसत होता. जाता जाता म्हणाला की लमारचा आवाज त्याच्या डोक्यात घुसत नाही, वळणावर एकटं एकटं वाटतं.

वाटू दे.

तरी दिवसभर तेच एक वाक्य मनात फिरतंय. एकटं एकटं वाटतं.

रविवार, १४ ऑगस्ट

सातवे!! स्ट्राउड नाचला. गुडघ्याची वाटी बदललेला माणूस, खरंच नाचला.

शेवटच्या वीस फेऱ्या तीन गाड्या एका रांगेत होत्या, मध्ये आम्ही. मी बोलत राहिले — आत आहे, अजून आहे, दाराशी, मागच्या चाकाशी, मोकळं. ओरेनचा श्वास ऐकू येत होता. माझ्या शब्दाबरोबर गाडी हलत होती, जशी माझ्याच हाताने हलावी.

संपल्यावर रेडिओवर म्हणाला, "मॅम, आज मी एकदाही मान वळवली नाही."

त्याच्या बायकोने मिरच्यांच्या लोणच्याची बरणी पाठवली आहे. वर चिठ्ठी — 'त्याला आता झोप लागते.'

मंगळवार, २३ ऑगस्ट

ऱ्हेटचा फोन. उचलला नाही.

गुरुवार, २५ ऑगस्ट

पुन्हा. उचलला. तो फार काही बोलला नाही. मीही नाही. त्या शांततेची मला इतकी सवय आहे हे विसरले होते.

सोमवार, २९ ऑगस्ट

ऱ्हेटच्या संघाने बोलावलं. सही केली. रविवारपासून ऱ्हेटच्या कानात. बुधवारी सकाळी जाहीर करणार, तोवर कुणाकडे अवाक्षर काढायचं नाही असं त्यांच्या वकिलाने बजावलंय. लमारलाही माहीत नाही.

दुपारी ओरेनचा फोन आला. रविवारच्या मैदानावर चौथ्या वळणानंतर भिंतीच्या किती जवळ जायचं, विचारत होता. चाळीस मिनिटं बोललो. मी त्याला भिंतीबद्दल सगळं नीट समजावून सांगितलं.